अलॉय बसवले, आता स्टिअरिंग थरथरतं

प्रश्न : स्विफ्टला बाहेरून अलॉय (मिश्रधातूची चाकं) बसवले. बॅलन्सिंग दोनदा केलं, तरी ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. चूक कुठे?

उत्तर : आधी एक चाक काढून मधलं भोक मोजा. तुमच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचा, व्यास ५४.१ मिमी आहे. बाजारातले अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१ मिमी. मधली फट भरायला हब रिंग लागते, ७३.१–५४.१ अशी मागा, चारही चाकांना. ती नसेल तर चाक केसभर एका बाजूला बसू शकतं. बॅलन्सिंग मशीनवर मात्र ते बरोबर मध्यावर धरलं जातं, त्यामुळे दोष दिसतच नाही.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा. नटचा उतार अलॉयच्या खाचेशी जुळतो का, तेही बघा. जुळत नसेल तर नट सैल होऊ शकतात. आट्यांना तेल लावू नका. चाक अधांतरी असतानाच नट समोरासमोरच्या जोडीने हाताने फिरवा, मग खाली टेकवून टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळा. एअर गनने शेवटचा आवळ कधीच देऊ देऊ नका, स्टड (नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) ताणले जातात. ८०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा. अलॉयसाठी नट बदलले आणि स्टेपनी लोखंडी असेल, तर तिचे जुने नट डिकीत ठेवाच.