सायटेशन म्हणजे दखल

प्रश्न : विद्यापीठाच्या वार्षिक अहवालाचं मराठी करते आहे. 'सायटेशन'ला, म्हणजे एका शोधनिबंधात दुसऱ्या निबंधाचा संदर्भ देण्याला, 'उद्धरण' म्हणावं की 'अवतरण'? 'सायटेशन इम्पॅक्ट'ला 'उद्धरण प्रभाव' चालेल का?

उत्तर : दोन्ही नकोत. आणि 'उद्धरण' लिहायचंच असेल तर कृपा करून 'उध्दरण' लिहू नका. उद् अधिक हरण. द्-ला ह भेटला की द्ध होतो, म्हणजे द् आधी, ध मागून. एका अहवालात तर सायटेशनच्या तक्त्यावर 'एकूण उद्धरणे'ऐवजी 'एकूण उदाहरणे' असा मथळा मी पाहिला आहे!

अवतरण म्हणजे खाली उतरवणं, उद्धरण म्हणजे वर उचलणं. दुसऱ्याचं वाक्य उचलायचं नि आपल्या कागदावर उतरवायचं, अशी एकाच कामाची ही दोन टोकं. पण वाक्य जसंच्या तसं घेतलं तरच हे शब्द शोभतात. शोधनिबंधात बहुतेक वेळा नुसतं आडनाव नि वर्ष असतं. शिवाय उद्धरणाला उद्धाराचा वास येतो. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा डॉक्टर वेकफील्ड यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८मध्ये छापला, २०१०मध्ये मागे घेतला. तरी त्याचे संदर्भ दिले जातात, पुष्कळदा तो चुकीचा होता हे सांगायलाच. यात उद्धार कसला?

माझा शब्द आहे 'दखल'. अरबीत द-ख-ल या मुळाचा अर्थ आत शिरणं. दवाखान्यात दाखल होतो तो रुग्ण, तलाठ्याकडे मिळतो तो दाखला, आणि आपण घेतो ती दखल, ही सगळी एकाच घरची माणसं. 'दाखला' हा 'दाखवणे'वरून आला, असं ठासून सांगणारे आहेत. ते साफ चूक आहे. दाखवणे प्राकृतातल्या 'दक्ख'चं, त्याचा या घराशी संबंध नाही. तुमचा निबंध दुसऱ्याच्या निबंधात शिरला की सायटेशन झालं. पोलीस तर 'दखलपात्र' आणि 'अदखलपात्र' रोज वापरतात. कुणीच संदर्भ न दिलेल्या निबंधाला याहून नेमका शब्द शोधून दाखवा.

कोर्टाशी हे नातं ओढूनताणून आणलेलं नाही. इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळातही कोर्टात हजर राहण्याचं बोलावणं आहे. अमेरिकेत शेपर्डची निवाड्यांची सूची १८७३मध्ये सुरू झाली : कुठला निकाल पुढे कुणी उचलून धरला, कुणी फिरवला, हे वकिलांना त्यात सापडे. तीच पद्धत अमेरिकी माहितीतज्ज्ञ युजीन गारफिल्ड यांनी विज्ञानाला लावली. १९५५मध्ये लेख लिहिला, १९६४मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही कुठल्या निबंधाचा संदर्भ कुणी दिला याची सूची काढली. आपले वकीलही निवाड्यांचे दाखलेच देतात. अरबी शब्द नको म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो : शिवकाळात अरबी-फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तरी दाखला तहसील कचेरीतून हललेला नाही.

हां, 'इम्पॅक्ट'. 'आमच्या विद्यापीठाचा इम्पॅक्ट फॅक्टर वाढला' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. तो आकडा नियतकालिकाचा. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेल्या दखली भागिले त्या लेखांची संख्या. विद्यापीठासाठी एकूण दखली मोजा, दर निबंधामागे किती ते काढा, किंवा भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक द्या : तो ४० असेल तर प्रत्येकी किमान ४० दखली मिळालेले ४० निबंध आहेत. तेव्हा मथळे असे करा : 'प्रकाशित निबंध', 'एकूण दखली', 'दर निबंधामागे दखली'. मग 'प्रभाव' लिहावाच लागणार नाही.