बेडकावर संशोधन करून पोट भरतं का?

पत्र : माझी शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. मुलगी कोल्हापुरातच बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. नीट दोनदा दिली, जमलं नाही. लॅब टेक्निशियनचा कोर्स कर, नाहीतर बीएड करून शाळेत लाग, असं आम्ही म्हणतोय. ती म्हणते, मला बेडकाच्या भ्रूणावर संशोधन करायचंय. पाहुणे ऐकून हसतात. घर माळकरी आहे, तिची आई रोज विचारते, जीव मारायचं शिक्षण कशाला? दोन-तीन वर्षांत लग्नाचंही बघावं लागेल. बेडकावर पोट भरतं का, एवढं स्पष्ट सांगा. — एक पालक, कोल्हापूर

नमस्कार.

स्पष्ट विचारलंत, तर स्पष्टच सांगते. नुसत्या बेडकावर कुणाचं पोट भरत नाही. बेडकावर काम करताना हाताला जे वळण लागतं आणि डोक्याला प्रश्न विचारायची जी सवय लागते, तिच्यावर भरतं. पण उशिरा भरतं. हा उशीर तुमच्या घराला परवडणार का, हा खरा प्रश्न आहे. पाहुण्यांचं हसणं त्यात कुठे बसत नाही.

आधी लेक नेमकं काय म्हणतेय ते बघू. तुमच्या डोळ्यांसमोर बहुतेक आपल्या वेळचं प्रॅक्टिकल असणार : मेणाचा ट्रे, टाचण्या ठोकलेला बेडूक आणि दिवसभर हाताला येणारा फॉर्मॅलिनचा वास. ते दिवस गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या वर्गातली चिरफाड कधीच बंद करायला लावली. तुमच्या मुलीने कदाचित एकही बेडूक कापला नसेल. तिला हवंय ते विकासात्मक जीवशास्त्र. एका पेशीपासून डोकं, शेपूट, हृदय, डोळे असं सगळं जागच्या जागी कसं तयार होतं, याचा अभ्यास.

तुम्ही नव्या ग्रेडचं लोखंड वितळवलं की त्याच हीटचा टेस्ट बार, म्हणजे नमुन्याची कांडी ओतता, ती तोडून बघता आणि मगच गिऱ्हाइकाचा माल पाठवता. माणसाच्या गर्भावर असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. म्हणून जीवशास्त्राने आपले टेस्ट बार निवडले : फळमाशी, उंदीर, झेब्रामासा, कोंबडीचं अंडं आणि बेडूक. बेडकाचं अंडं मोहरीच्या दाण्याएवढं, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. माणसाचं अंडं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं, आणि तेही आईच्या पोटात लपलेलं. बेडकाचं सगळं उघड्यावर, पाण्यात चालतं. फलन झाल्यावर साधारण दीड तासाने एका पेशीच्या दोन होतात, पुढे दर अर्ध्या तासाला विभाजन, आणि तीन दिवसांत बेडूकमासा पोहायला लागतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बसून एक शरीर घडताना सुरुवातीपासून बघता येतं. एखाद्या मुलीला याचं वेड लागलं तर मला नवल वाटत नाही.

हा बेडूक मात्र आपल्या गगनबावड्याच्या भातशेतातला नव्हे. तो आफ्रिकेचा, झेनोपस लेविस. आयुष्यभर पाण्यात राहतो, मागच्या पायांना नखं असतात, आणि जीभच नसते. तो जगभरच्या प्रयोगशाळांत कसा पोचला हे तिच्या आईला जरूर सांगा. १९३०च्या दशकात लॅन्सलॉट हॉगबेन या शास्त्रज्ञाच्या कामातून कळलं, की गरोदर बाईची लघवी या बेडकीला टोचली तर ती दिवसभराच्या आत अंडी घालते. झाली गर्भचाचणी! बेडकी मरत नव्हती, पुन्हा वापरता येत होती. पुढची बरीच वर्षं अशा चाचण्यांसाठी बेडक्या पाळल्या गेल्या, आणि भ्रूणावर काम करणाऱ्यांना आयतीच सोय झाली. आपला बेडूक मृगाच्या पावसाची वाट बघतो. हिला संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की बाराही महिने अंडी.

आता ज्या प्रयोगामुळे हा बेडूक शास्त्राच्या इतिहासात गेला, तो तुमच्याच भाषेत सांगते. तुमच्या पॅटर्न शॉपमध्ये शेकडो पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचे नमुने असतील. समजा एखाद्या खात्याला आयुष्यभर फक्त पंपाची केसिंग ओतायची आहे. ते खातं बाकीचे पॅटर्न फेकून देईल, की कुलपात ठेवेल? शरीराबद्दल हाच वाद होता. आतड्याची पेशी आतड्याची झाली, की डोळा आणि हृदय घडवायच्या सूचना ती टाकून देते का? ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक, म्हणजे सूचना साठवलेला गाभा काढला आणि दुसऱ्या अंड्याचं केंद्रक अतिनील किरणांनी निकामी करून तिथे बसवलं. बहुतेक अंडी वाया गेली. पण काहींतून धडधाकट बेडूकमासे झाले. म्हणजे सगळे पॅटर्न शाबूत होते, नुसतं कुलूप लागलं होतं. हे छापून आलं १९६२मध्ये. क्लोन केलेली डॉली मेंढी जन्मली १९९६ला. शिन्या यामानाका यांनी उंदराच्या तयार पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेल्या २००६ला. आणि गर्डन व यामानाका यांना मिळून नोबेल मिळालं २०१२ला. पन्नास वर्षं! संशोधनातला उशीर कसा असतो याचा अंदाज यावा म्हणून सन मुद्दाम दिले.

याच गर्डन यांचं शाळेचं प्रगतिपुस्तक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. जीवशास्त्रात २५० मुलांत शेवटचा नंबर, आणि याने शास्त्रज्ञ व्हायचं म्हणणं हास्यास्पद आहे, असा शिक्षकांचा शेरा. नीट हुकलेल्या मुलांना धीर द्यायला लोक ते पाठवतात. मी पाठवत नाही, कारण अर्धीच गोष्ट फिरते. शाळेनंतर त्यांच्या आईवडिलांनी पदरचे पैसे घालून वर्षभर जीवशास्त्राची खासगी शिकवणी लावली होती. मुलाची जिद्द होतीच, पण मागे घर उभं होतं.

बेडकाचं अंडं भ्रूणाशिवायही कामाला येतं. पीटर अ‍ॅग्रे यांना रक्तपेशींत एक प्रथिन सापडलं होतं, त्याचं काम काय ते कळेना. त्यांच्या गटाने त्या प्रथिनाची सूचना बेडकाच्या अपक्व अंड्यात टोचली आणि अंडं पातळ द्रावणात सोडलं. काही मिनिटांत ते फुगून फुटलं. पेशीत पाणी नेणारी वाट सापडली होती. त्यांना २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणखी एक उपयोग तुमच्या एमआयडीसीजवळचा आहे. शेपूट झडून बेडूक होणं हे थायरॉइडच्या संप्रेरकावर चालतं. एखादं रसायन त्यात ढवळाढवळ करतं का, हे तपासायची झेनोपसच्या बेडूकमाशांवरची आंतरराष्ट्रीय मान्यतेची चाचणीच आहे. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना तिचं महत्त्व मी काय समजावणार!

आता आईच्या प्रश्नाकडे येते. तो टाळण्यासारखा नाही. अंड्यांसाठी मादीला मारावं लागत नाही. इंजेक्शन देतात, अंडी घेतात आणि काही महिने विश्रांतीला टाकीत सोडतात. पण नराचं वीर्य मिळवायला बहुतेक वेळा त्याला भूल देऊन मारतात, आणि अभ्यासलेले भ्रूणही शेवटी जगत नाहीत. हे लपवून तिला या वाटेला लावू नका, आणि तिनेही आईपासून लपवू नये. संस्थेत प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नैतिकता समिती असते. कमीत कमी किती प्राण्यांत भागेल, वेदना कशी टाळणार, हे तिला लिहून द्यावं लागतं. तरीही मन घेत नसेल, तर याच विषयात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, वनस्पतींवर किंवा नुसत्या संगणकावर जनुकांच्या माहितीवर काम करणारे लोक आहेत. माळ घातलेली मुलगी शास्त्रज्ञ होऊ शकते. फक्त आपली रेघ कुठे, ते तिने आधी ठरवावं.

आता लेकीसाठी चार ओळी, तिला वाचायला द्या. बाळ, तू प्राणी आधी निवडलास आणि प्रश्न नंतर शोधतेयस. हे उलटं आहे. भारतात झेनोपसवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या आहेत. बेडूकच हवा म्हणून अडून बसलीस तर चांगल्या जागा हातच्या जातील. झेब्रामासा, फळमाशी यांवर पुण्याची आयसर, हैदराबादची सीसीएमबी, बंगळुरूची एनसीबीएस अशा संशोधन संस्थांत काम चालतं. पुण्याच्या आघारकर संस्थेत हायड्रावर बरंच काम झालंय. तोडला तरी पुन्हा वाढणारा हा जीव बेडकापेक्षा कमी गमतीचा नाही. भ्रूणाला सुई टोचणं, जनुक बंद करून काय बिघडतं ते बघणं, फोटोतून मोजमाप काढणं, हे सगळं एका प्राण्यावर शिकलं की दुसऱ्यावर चालतं.

आणि कृपा करून शेतातले बेडूक पकडून घरी प्रयोग करू नकोस. वन्यजीव कायदा १९७२चा आहे आणि तो बेडकांनाही लागू होतो. नुसतं बघायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. पावसाळ्यात आंबोलीला जा. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर मलबारी उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं दिसेल. त्यातून बेडूकमासे टपटप खाली पाण्यात पडतात. त्याच घाटातल्या छोट्या झुडपी बेडकांना बेडूकमाशाची अवस्थाच नसते, अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. का बरं? असा प्रश्न घेऊन मुलाखतीला गेलीस, तर समोरचे लोक खुर्चीत सरसावून बसतील. आंबोलीचा भेक (खरखरीत कातडीचा टोड) तर शास्त्राला वेगळी जात म्हणून २००९मध्ये कळला. आपल्या उंबऱ्यावरचा विषय आहे हा.

परत तुमच्याकडे वळते. हिशेब असा. आणखी दीड वर्षात बीएस्सी, मग दोन वर्षं एमएस्सी. शिवाजी विद्यापीठ दाराशी आहेच. पण जॅम, गॅट-बी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा देऊन बाहेरही प्रयत्न करू द्या. टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या प्रवेश परीक्षेतून बीएस्सीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीला, म्हणजे एमएस्सी-पीएचडी एकत्र, जायची वाटही आहे. जागा थोड्या, चुरस मोठी. एमएस्सीनंतर सीएसआयआर नेट ही देशपातळीवरची परीक्षा. त्यात जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडे भत्ता. म्हणजे पीएचडीची पाच वर्षं ती तुमच्याकडे पैसे मागणार नाही. त्यानंतर मात्र दोन-चार वर्षं परदेशात किंवा इथे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, आणि कायमची नोकरी तिशी उलटल्यावर. सगळ्यांना प्राध्यापकी मिळत नाही, हे आजच ऐकून ठेवा. बाकीचे औषध कंपन्यांत, विषारीपणा तपासणाऱ्या प्रयोगशाळांत, पेटंटच्या कामात, मोठ्या सूक्ष्मदर्शकांच्या कंपन्यांत जातात. तिथे पगार बरे असतात, पण संगणक आणि संख्याशास्त्र आलंच पाहिजे. प्राणिशास्त्राची मुलं गणिताला घाबरून इकडे येतात आणि नेमकी तिथेच अडकतात. या सुट्टीत तिला पायथन ही संगणकाची भाषा शिकायला लावा. बेडकाचं एवढं वेड असेल तर झेनबेस हे झेनोपसच्या जनुकांचं संकेतस्थळ फुकट आहे, सराव त्यावरच करता येईल.

लॅब टेक्निशियनचा कोर्स वाईट नाही. कोल्हापुरात काम मिळतं, लवकर मिळतं. तिला दोन वर्षांत कमवायचं असेल तर मी तोच सुचवीन. पण आज मनाविरुद्ध घातलंत तर ती रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावत बसेल आणि तुमच्याकडे बघणारही नाही. लग्नाबद्दल मला विचारलंत म्हणून सांगते : स्थळ बघताना पीएचडी करणारी मुलगी आहे, हे पहिल्याच भेटीत सांगा. ज्यांना चालणार नाही ते तिथेच गळतील, तुमचाही वेळ वाचेल.

निर्णय आज घेऊच नका. भारतातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात, बीएस्सीच्या मुलांनाही. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात. निवड झाली तर खऱ्या प्रयोगशाळेत बसायला मिळतं आणि विद्यावेतनही मिळतं. नाही झाली, तर तिने स्वतः दहा-पंधरा शास्त्रज्ञांना ईमेल करावी. बहुतेक उत्तर देत नाहीत, एखाद-दुसरा देतो. दोन महिने रात्री नऊ वाजता भ्रूण मोजून, टाक्यांचं पाणी बदलून, चारदा फसलेला प्रयोग पाचव्यांदा मांडूनही ती परत आल्यावर हेच म्हणाली, तर पुढचं बोलू. तेव्हा तिला घेऊनच या.

त्या अर्जाला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. तुमची कॉलेजात कितीही ओळख असली तरी ते मागायला तुम्ही जाऊ नका, तिला एकटीला जाऊ द्या.