वाचकांचे प्रश्न : कार्ड होतं, पण हात थिजले

यावेळी आलेली बहुतेक पत्रं आयसीयू, इमर्जन्सी आणि वॉर्डात काम करणाऱ्यांची आहेत आणि जवळजवळ सगळी ट्रेनिंगबद्दल आहेत. पाच घेतलीत, नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. सात महिन्यांपूर्वी एसीएलएस केलं (हृदय थांबल्यावर काय करायचं त्याचा कोर्स, पास झालं की कार्ड मिळतं), लेखी परीक्षेत चांगले मार्क होते, मेगाकोड म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षाही पहिल्या फटक्यात पास झाले. पण मागच्या आठवड्यात खरा अरेस्ट झाला, म्हणजे पेशंटचं हृदय थांबलं, तेव्हा मी डिफिब्रिलेटरसमोर, त्या शॉक द्यायच्या मशीनसमोर, नुसती उभी राहिले, पॅड कुठे लावायचे तेच आठवेना. शेवटी सीनियर सिस्टरनी मला बाजूला केलं. मी या कामाच्या लायकच नाहीये का?

उत्तर : लायक आहात, आणि आधी हा विचार डोक्यातून काढा. कार्डवर दोन वर्षांची मुदत छापलेली असते पण हाताला दोन वर्षं काही लक्षात राहत नाही हो. यावर भरपूर अभ्यास झालेत आणि त्यात पुन्हापुन्हा हेच दिसतं की ट्रेनिंगनंतर साधारण तीन ते सहा महिन्यांत कौशल्य घसरायला लागतं, आणि डोक्यातल्या माहितीपेक्षा हातातलं आधी जातं. तुमचा तर सातवा महिना. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये मोठा कोर्स एकदाच करून थांबू नका, मधेमधे छोटी बूस्टर सेशन घ्या असं स्पष्ट सांगितलंय.

आमच्या युनिटचं सांगते. एकदा दुपारी कुणालाही न सांगता मॉक कोड घेतला, म्हणजे हृदय थांबल्याचा लुटुपुटीचा सराव, मॅनिकिन (सरावाचा पुतळा) बेडवर आणि स्टॉपवॉच माझ्या हातात. सगळे कार्डवाले होते. कॉम्प्रेशन (छाती दाबणं) छान सुरू झाले, दोन मिनिटांनी रिदम (हृदयाची लय) बघायला थांबले, मग एकजण नाडी चाचपतोय, दुसरी मॉनिटरची लीड हलवतेय, तिसरी विचारतेय व्हीएफ (शॉक द्यावा लागणारी लय) आहे का ते, आणि मशीन कुणी चार्जच केलं नव्हतं त्यामुळे ते चार्ज होईपर्यंत सगळे तसेच उभे. स्टॉपवॉच बघितलं तर २६ सेकंद. हे थांबणं दहा सेकंदांच्या आत असायला हवं. त्या २६ सेकंदांत छातीवर कुणाचाच हात नाही म्हणजे मेंदूला आणि हृदयाला रक्त नाही, आणि परत सुरू केल्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला दाब आधीच्या पातळीवर यायलाच कितीतरी कॉम्प्रेशन खर्ची पडतात. कुणीही कामचुकार नव्हतं बरं का, फक्त ते दहा सेकंद कुणी कधी एकत्र मिळून केलेच नव्हते.

मग आम्ही तेवढाच तुकडा घेतला. दोन मिनिटं संपायच्या पंधरा सेकंद आधी, कॉम्प्रेशन चालू असतानाच मशीन चार्ज करायचं, सगळ्यांनी लांब व्हायचं, रिदम बघायचा, शॉक द्यायचा नसेल तर चार्ज काढून टाकायचा, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी लगेच हात परत छातीवर. रोज पाच मिनिटं, बाकी काही नाही. तीन आठवड्यांत सात-आठ सेकंदांवर आलो.

तुम्हीही तसंच करा. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं काढा, मोबाइलवर मेट्रोनोम ११० ला लावा आणि मॅनिकिनवर दोन मिनिटं दाबा, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली बाजूला, हे वाचून नाही तर लावून लावून बसतं. क्रॅश कार्टचा, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांच्या ट्रॉलीचा, कुठला ड्रॉवर उघडला की अॅड्रेनालिन हाताला लागतं ते न बघता जमलं पाहिजे. आणि ज्या सिस्टरनी बाजूला केलं ना, त्यांनाच जाऊन म्हणा की मला शिकवा. त्यांचेही हात कधीतरी थिजलेच असतील.

प्रश्न : मी जनरल वॉर्डातून आयसीयूत आलोय. मला व्हेंटिलेटरची प्रचंड भीती वाटते, अलार्म वाजला की पाचावर धारण बसते. सगळ्यात आधी काय शिकू?

उत्तर : खरं सांगू का, व्हेंटिलेटर नंतर. आधी श्वास मोजायला शिका.

हसू नका, चार्ट काढून बघा. १८, १८, २०, १८. पल्स, बीपी, सॅच्युरेशन मशीन सांगतं, पण वॉर्डात श्वास माणसालाच मोजावे लागतात, म्हणून ते अंदाजाने लिहिले जातात. एका रात्री मी राउंडला होते, एका आजोबांच्या चार्टवर श्वास १८, ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९६, पल्स ११२, बीपी आणि ताप ठीक. आजोबा बोलत होते पण दोन शब्द झाले की थांबत होते. पोटावर हात ठेवून घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं, ३४ भरले. आता न्यूज-टू स्कोअर काढा (श्वास, पल्स, बीपी अशा आकड्यांना गुण देऊन पेशंट किती धोक्यात आहे ते सांगणारा), ऑक्सिजन चालू आहे त्याचे २, पल्सचे २, आणि श्वास १८ धरला तर शून्य म्हणजे एकूण ४. श्वास २५ किंवा जास्त असला की त्याचे एकट्याचे ३, म्हणजे खरा स्कोअर ७, आणि ७ ला इमर्जन्सी टीमला बोलवायचं असतं. आजोबा तेच, फक्त एक आकडा खरा लिहिला. त्यांना सेप्सिस (संसर्गामुळे अवयव ढासळणं) होता, कल्चर (जंतू शोधायची तपासणी) पाठवून तासाभरात अँटिबायोटिक गेलं, वाचले ते.

आता तुमचा अलार्म. वाजला की स्क्रीनकडे नाही, आधी पेशंटकडे बघायचं. छाती दोन्ही बाजूंनी उचलतेय का, रंग कसाय, सॅच्युरेशन किती. मग चार गोष्टी, ट्यूब सरकली का, ट्यूब चोंदली किंवा पेशंटने चावली का, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साठणं) झाला का, की मशीन किंवा सर्किटमध्येच काही बिघडलंय. पेशंट ढासळतोय आणि काहीच कळत नाहीये तर मदतीला हाक मारा, व्हेंटिलेटर काढा आणि शंभर टक्के ऑक्सिजनवर बॅगने श्वास द्या. बॅग सहज दाबली जातेय आणि पेशंट सावरला तर दोष बहुतेक मशीनचा, बॅगच दाबायला जड जातेय तर ट्यूब किंवा छाती. हे एकदा हाताला बसलं की निम्मी भीती तिथेच जाते.

अजून एक. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे मशीनने एका श्वासाला द्यायची हवा, वजनावर नाही, उंचीवर ठरतो. १६० सेंटीमीटर उंचीच्या बाईंचं वजन ९० किलो असलं तरी त्यांची फुप्फुसं ९० किलोची नसतात, उंचीवरून हिशेबाचं वजन येतं साधारण ५२ किलो. किलोला ६ एमएलने ३१० ते ३१५ एमएल. काट्यावरचं वजन धरलंत तर ५४० जाईल. हा फरक किती मोठा आहे ते २००० सालच्या एआरडीएस (फुप्फुसांना गंभीर सूज येण्याचा आजार) नेटवर्कच्या ट्रायलने दाखवलं, किलोला १२ एमएलच्या गटात जवळजवळ ४० टक्के पेशंट गेले आणि ६ एमएलच्या गटात ३१ टक्के. त्यामुळे खिशात मोजपट्टी ठेवा, खरंच ठेवा.

प्रश्न : रात्री डॉक्टरांना फोन केला की ते म्हणतात “बघू, लक्ष ठेवा” आणि ठेवून देतात. ट्रेनिंगमध्ये एसबार (परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि मागणी या क्रमाने सांगणं) शिकवलं होतं पण ऐन वेळी बोलताच येत नाही.

उत्तर : कारण ते तुम्ही लिहून शिकलात, बोलून नाही. “सर, बेड सातचे काका बरे वाटत नाहीयेत” याला उत्तर “लक्ष ठेवा” हेच येणार, झोपेतल्या माणसाला त्यातून काय कळणार? त्याऐवजी हे मोठ्याने म्हणून बघा, “सर, बेड सातचे काका, श्वास अर्ध्या तासात २० चा ३२ झालाय, ८ लिटरवर सॅच्युरेशन ९०, वरचं बीपी ९४. न्यूमोनियाचा दुसरा दिवस आहे. मला सेप्सिस वाढतोय असं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा, तोवर कल्चर आणि लॅक्टेट पाठवू का?” शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड असतं कारण त्यात आपण मागणी करतो, आणि बहुतेक जण नेमके तिथेच गप्प होतात. मैत्रिणीला डॉक्टर बनवा, तिला मुद्दाम तुटक बोलायला सांगा आणि दहा वेळा फोन करा. एवढं करूनही कुणी आलं नाही तर त्यांच्या वरच्यांना फोन करायचा, तो क्रम युनिटमध्ये आधीच लिहून लावलेला असावा. आणि डॉक्टर वाचकहो, तुम्हीही या सरावाला नर्सेसबरोबर बसा. वेगवेगळ्या खोल्यांत शिकलेली माणसं एका बेडभोवती टीम म्हणून कशी वागतील?

प्रश्न : ऑनलाइन कोर्स पुरतो का?

उत्तर : वाचायला, ईसीजी ओळखायला, डोस पाठ करायला पुरतो आणि चांगलाही असतो. हातासाठी नाही पुरत. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांच्या पद्धतीने सुमारे दीड हजार मेडिकल विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून दिवसरात्र हाताने बॅग दाबून पेशंटना श्वास दिला, आजच्या आयसीयूचं मूळ तिथलंच. ती मुलं बेडशेजारी उभी राहूनच शिकली.

प्रश्न : मी युनिट इन्चार्ज आहे. स्टाफ कमी, शिफ्ट भरताना नाकीनऊ येतात, ट्रेनिंगला माणसं सोडू कशी?

उत्तर : तुमची ओढाताण कळते, मी त्याच खुर्चीत बसलेय. माणसं सोडू नका, मॅनिकिन युनिटमध्ये आणा. हॅंडओव्हरनंतर दहा मिनिटं, एकच तुकडा, कधी डिफिब्रिलेटर, कधी ट्यूब निघाली तर काय, कधी नुसता फोन. त्या वेळी बेडवर कोण बघणार ते आधी ठरवून ठेवा नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही. आणि प्रत्येक खऱ्या कोडनंतर, पेशंट वाचो न वाचो, पाच मिनिटं सगळ्यांना तिथेच थांबवा. काय चांगलं झालं, कुठे अडलो, उद्या काय बदलायचं. दोष कुणाचा हे विचारायचं नाही. आमच्याकडे अशाच एका वेळी सगळ्यात नवीन मुलगी हळूच म्हणाली की सक्शनची नळी लावलेलीच नव्हती, मी बघितलं होतं पण बोलले नाही. तेव्हापासून प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला सक्शन चालू करून बघायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय.