पंचतंत्रातल्या गोष्टी मुलांनी गटात बसून आजच्या काळात कशा आणाव्यात?

तुमची अडचण मला समजली ती अशी: आठवीचा वर्ग, चाळीस मुलं, पंचतंत्रातली एक गोष्ट गटाने आजच्या काळात लिहायची आहे. हाती येतं ते सिंहाच्या पंजात मोबाईल, कोल्ह्याच्या डोळ्यावर गॉगल, आणि बाकी जंगल जसंच्या तसं. शिवाय गटातली एकच मुलगी लिहिते, बाकीचे खिडकीबाहेर बघतात.

यावर माझं उत्तर असं की आपण मुलांना ‘गोष्ट बदला’ म्हणतो, पण तिच्यातलं काय बदलायचं नाही ते सांगत नाही. बदलायची नाही ती गोष्टीची कळ. कोणाला काय हवं होतं, तो नेमका कुठे फसला आणि कशाने सुटला किंवा बुडाला, एवढंच धरून ठेवायचं. प्राणी, जंगल, राजा, नदी हे सगळं गेलं तरी चालतं.

वानर आणि मगराची गोष्ट घ्या, पंचतंत्राच्या ‘लब्धप्रणाश’ या चौथ्या तंत्राची, म्हणजे भागाची, सुरुवातच तिने होते. रक्तमुख वानर रोज जांभळं देतो, करालमुख मगराशी मैत्री होते, मगराच्या बायकोला वानराचं काळीज हवं असतं. भर पाण्यात कळल्यावर वानर म्हणतो, काळीज तर झाडाच्या ढोलीतच राहिलं, चल परत. फळ्यावर तीन रकाने पाडा: मुळात काय, त्याचं गोष्टीतलं काम काय, आज त्या जागी काय. मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि मुलं तोच रिकामा सोडतात. जांभळांचं काम काय? रोजच्या देण्याघेण्यातून विश्वास बसणं. मग आज तिथे डब्यातली पोळीभाजी येईल, नाहीतर गणिताची वही. पाण्याचं काम काय? जिथे वानराला एकट्याने परतता येत नाही अशी जागा. काळजाचं काम काय? गमावलं तर सगळं संपतं, पण ‘बरोबर आणलं नाही’ असं म्हणता येतं अशी वस्तू. हा प्रश्न नीट विचारला की कोणीतरी ओटीपीपर्यंत पोचतंच. एक मुलगा आपल्या चुलतभावाच्या दबावाखाली मित्राला गावाबाहेरच्या एका खोलीवर नेतो, तिथे मित्राच्या आईच्या खात्यातून पैसे काढायचा डाव आहे. तो मित्र शांतपणे म्हणतो, ‘ओटीपी येतो तो फोन घरी आईकडे आहे, चल घेऊन येऊ.’ बघा, ढोलीच्या जागी घर बसलं आणि कळ शाबूत राहिली.

वेळेचं म्हणाल तर सहा तासिका लागतात. चारमध्ये उरकायला गेलं की कापली जाते ती नेमकी बोलण्याची तासिका, आणि तीच कापू नये. पहिल्या तासिकेत मूळ गोष्ट मोठ्याने वाचा आणि प्रत्येक गटाकडून ती एका वाक्यात काढून घ्या. ‘खोटं बोलू नये’ हे वाक्य चालणार नाही, ते तात्पर्य झालं. ‘अमक्याला तमुक हवं होतं, म्हणून त्याने असं केलं, त्यामुळे तसं झालं’ असं वाक्य हवं. दुसरीत तीन रकाने. तिसरीत कागद बंद: प्रत्येक गटाने नवी गोष्ट शेजारच्या गटाला तीन मिनिटांत तोंडी सांगायची. सांगताना जिथे ‘मग काय झालं की...’ म्हणून अडखळायला होतं, तिथे कथेत भोक आहे. ते लिहिण्याआधीच सापडलेलं बरं. चौथी आणि पाचवी लिहिण्याला, सहावी वाचनाला.

गट चारांचा ठेवा. पाचवा सहसा प्रेक्षक होतो. आणि चौघांनी मिळून एकेक वाक्य लिहायचं हे कधीही करू नका, त्यातून सगळ्यांना चालेल असं बेचव वाक्य तेवढं उरतं. कथेचे चार तुकडे पाडा, प्रत्येकाने एक लिहायचा, मग कागद उजवीकडे सरकवायचा आणि दुसऱ्याचा तुकडा दुरुस्त करायचा. प्रत्येकाच्या पेनाची शाई वेगळी: निळी, काळी, हिरवी, लाल. फुलस्केपवर एक ओळ सोडून लिहायचं. कोणी किती काम केलं ते कागदच सांगतो, गुण देताना वाद राहत नाही. पूर्ण कथा ४०० ते ५०० शब्दांची, पात्रं जास्तीत जास्त चार, जागा दोन. जागा वाढल्या की मुलं नुसता प्रवास लिहीत बसतात.

आता बिघडतं कुठे ते.

एक चूक जवळजवळ प्रत्येक गट करतो: मुळात पात्राच्या हातून घडलेली गोष्ट नव्या कथेत अपघाताने घडते. सातूच्या पिठाचा घडा घ्या. स्वप्नात रंगलेला ब्राह्मण शेळ्या, गाई, म्हशी, घोड्या, लग्न, सोमशर्मा नावाचा मुलगा इथवर पोचतो आणि स्वप्नातल्या बायकोला मारायला स्वतःच पाय झाडतो. घडा त्याच्याच लाथेने फुटतो. मुलं आज याचा यूट्यूब चॅनेल करतात, लाखो सबस्क्रायबरची स्वप्नं रंगवतात आणि शेवटी वीज जाते. वीज गेली म्हणजे त्याची काय चूक? गोष्ट तिथेच मेली. त्याने स्वप्नातल्या सहकाऱ्यावर चिडून खरंच बोट दाबलं आणि एकुलता एक व्हिडिओ स्वतः डिलीट केला, तर लाथ बसली.

दुसरी चूक शेवट गोड करण्याची. सापाला मारून बाळाला वाचवणाऱ्या मुंगसाचं रक्ताळलेलं तोंड बघून ब्राह्मणी त्यालाच घडा फेकून मारते, ती मुंगसाची गोष्ट आजच्या सोसायटीत छान बसते: वॉचमन टाकीत पडलेल्या पोराला बाहेर काढून कडेवर घेऊन पळतोय, कोणीतरी गॅलरीतून फोटो काढतं, ‘मुलं पळवणारा’ म्हणून ग्रुपवर टाकतं. मुंगसाच्या रक्ताळलेल्या तोंडाच्या जागी ओलं, निपचित पोर आलं. ब्राह्मणीने फेकलेल्या घड्याच्या जागी फॉरवर्ड आलं, दोन्ही परत घेता येत नाहीत. पण मुलं शेवटी सगळ्यांना माफी मागायला लावतात आणि वॉचमनचा सत्कार करतात. तसं करू देऊ नका. वॉचमन मरायला हवा असं नाही, पण तो परत येता कामा नये. केबिनला कुलूप, फोन बंद, एवढं पुरे. ही कल्पना ओढूनताणून आणलेली नाही हेही मुलांना सांगा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. आठवीच्या मुलांना हे झेपतं, फक्त तपशील रंगवू नका.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्राण्यांचा स्वभाव आधीच ठरलेला असतो. कोल्हा लबाड का, असं कोणी विचारत नाही. माणूस आला की मात्र ‘हा असाच आहे’ चालत नाही, कारण द्यावं लागतं. कारण दिलं नाही की मुलं नकळत ते बाहेरून उचलतात: लठ्ठ मुलगा म्हणून मूर्ख, काळा म्हणून चोर, अमक्या वस्तीतला म्हणून लबाड, बायको म्हणून कजाग. शेवटचं तर मूळ मगराच्या गोष्टीतच आहे. म्हणून लिहायला सुरुवात करण्याआधी दोन नियम सांगून टाका. वर्गातल्या किंवा शाळेतल्या कोणाचंही नाव, टोपणनाव, ओळखता येईल अशी खूण नको. आणि वाईट वागणाऱ्या प्रत्येक पात्राला ‘त्याला असं का करावं लागलं’ याचं एक तरी वाक्य हवं. त्या एका वाक्याने कथा कुठल्या कुठे जाते. वर चुलतभावाचा दबाव आला तो यामुळेच.

तात्पर्य लिहायचं नाही. ते कोणा आजोबांच्या किंवा बाईंच्या तोंडीही घालायचं नाही, मुलं ही पळवाट हमखास शोधतात. निवेदन प्रमाण मराठीत, पण संवाद मुलं घरी बोलतात तसे असू द्या. ‘काय करून ऱ्हायला बे’ लिहिलं म्हणून लाल रेघ मारू नका.

तपासायला दुसऱ्या गटाचा कागद देताना दोनच प्रश्न विचारा: पात्र कुठल्या क्षणी फसलं त्या ओळीखाली रेघ मार, आणि जिथे तुला पटलं नाही तिथे फुली मार. शुद्धलेखन त्यानंतर. ‘छान आहे’ लिहायला जागाच ठेवू नका.

वाचनाच्या दिवशी मूळ गोष्टीचं नाव सांगायचं नाही. गटाने नवी कथा वाचायची आणि बाकी वर्गाने ती कोणत्या गोष्टीवरून आली ते चिठ्ठीवर लिहायचं. छत्तीस चिठ्ठ्यांपैकी निम्म्याहून अधिकांवर बरोबर नाव आलं तर कळ टिकली. नाही आलं तर त्या गटाला कागद परत देऊन मधला रकाना पुन्हा भरायला सांगा, कथा नव्याने लिहायची गरज सहसा पडत नाही.