वाचकांचे प्रश्न : जोडसामान बसवल्यावर गाडी का डोलते?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका कृषी केंद्राचा माल गावोगाव पोहोचवतो. माझ्या 100 सीसीच्या मोटारसायकलला अलीकडे हँडलवर उंच काच, मागच्या कॅरिअरवर मोठी डिक्की आणि दोन्ही बाजूंना बॅगा बसवून घेतल्या. तेव्हापासून साठच्या पुढे गेलो की गाडी मागून डोलते आणि वेग उतरताना पन्नासच्या आसपास हँडल थरथरते. समोरून ट्रक गेला की फार भीती वाटते. मिस्त्रींनी कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) आवळून दिला, त्यामुळे थरथर कमी झाली. पण आता हळू चालवताना गाडी सरळ राहत नाही. टायर बदलावे की स्टिअरिंग डँपर (हँडलचे हेलकावे दाबणारा दांडा) बसवावा?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : इतक्यात काहीच विकत घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या तक्रारी दोन नसून तीन आहेत आणि तिसरी दुरुस्तीतून निर्माण झालेली आहे. कोनसेट प्रमाणाबाहेर आवळला की हँडल आपणहून मध्यावर येत नाही, आणि कमी वेगात गाडी सतत या बाजूने त्या बाजूला सावरावी लागते. थरथर दबली म्हणून तिचे कारण गेले असे मात्र समजू नका.

कोनसेट असा तपासा. गाडी मेन स्टँडवर लावून कोणाला तरी मागचा भाग दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील. हँडल मध्यापासून किंचित ढकलले की ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला अलगद पडले पाहिजे. अडखळत गेले तर आवळ जास्त आहे, आणि नेमके मध्यावर खाच लागल्यासारखे थांबले तर छर्ऱ्यांनी वाटीत खड्डे पाडले आहेत व कोनसेट बदलण्याला पर्याय नाही. नंतर फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन दांडे, खालच्या टोकाशी धरून मागेपुढे हलवा. ‘टक’ असा धक्का हाताला जाणवला तर कोनसेट सैल आहे. त्याच बैठकीत मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दुबेळक्याचे) बुश आणि चाकाचे बेअरिंग पाहा, चेन ताणण्याच्या जागी दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना तेही पाहा. मागून डोलणाऱ्या गाडीत दोष बहुधा या भागात सापडतो, आणि गॅरेजमध्ये मात्र सगळे हँडलकडेच बघत बसतात.

टायरमधील हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी. मे महिन्यातील आपल्या उन्हात तापलेल्या टायरचा दाब वाढलेलाच दिसतो. तो पाहून हवा कमी केली तर मागचा टायर थंडपणी मऊ पडतो आणि ओझ्याखाली गाडी अधिकच डोलते. आकडा चेनकव्हरवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत असतो. ओझे असताना डबलसीटचा आकडा धरावा. पांदण रस्त्यावरून येत असाल तर रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेली काळी माती खरवडून काढा. मूठभर माती एकाच जागी चिकटली, तरी चाकाचा तोल बिघडून हँडल थरथरते.

हे सगळे ठीक निघाले की काच, डिक्की आणि बॅगा काढून मोकळ्या, रहदारी नसलेल्या रस्त्यावर, हेल्मेट घालून गाडी चालवा. मोकळी गाडीही डोलत असेल तर दोष आधीपासूनचा होता आणि सामानाने तो फक्त उघड केला. ती स्थिर असेल तर एकेक वस्तू परत बसवून वेग हळूहळू वाढवत पाहावे. हँडल सोडून थरथर तपासण्याचा प्रकार कृपा करून करू नये.

माझा पहिला संशय डिक्कीवर आहे. तुमच्यासारख्या गाडीच्या दोन्ही चाकांच्या आसांमधील अंतर साधारण 1 मीटर 24 सेंटिमीटर असते. मागच्या आसापासून 40 सेंटिमीटर मागे 15 किलोची डिक्की लटकली, तर पुढच्या चाकावरचा भार जवळजवळ 5 किलोने घटतो, आणि डिक्कीचे वजन उंचावर असल्याने प्रत्येक हेलकाव्याला जोर मिळतो. त्यात कॅरिअरची पट्टी लवचिक असेल तर डिक्की गाडीच्या मागोमाग, जरा उशिराने हलते. म्हणून पिकांच्या औषधांचे जड कॅन बाजूच्या बॅगांत, शक्य तितके खाली आणि मागच्या आसाच्या पुढे, दोन्हीकडे समान वजनाने ठेवावेत. डिक्कीत पावतीपुस्तक, रेनकोट एवढेच असावे. अर्धवट भरलेला कॅन टाळा, आतील द्रव प्रत्येक वळणावर डुचमळतो. केंद्र सरकारने 2020 मध्ये केलेल्या नियमानुसार अशा पेटीची लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, आणि ती मागच्या सीटच्या जागेवर बसवली तर गाडीवर फक्त चालकच बसू शकतो.

काचेचा दोष वेगळा आहे. ती हँडलला जोडलेली असल्याने वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट फोर्कवर येतो, आणि वेग 40 वरून 60 झाला की हवेचा जोर सव्वादोन पट होतो. समोरून येणारा ट्रक तर हवेचा आडवा थापटाच मारून जातो. उंच काच काढून लहान काच लावणे, नाहीतर मुळीच न लावणे, हाच तुमच्या कामाला योग्य उपाय आहे. डँपरने हँडलची थरथर दबते, पण मागच्या ओझ्याचे डोलणे थांबत नाही. म्हणून तो घेऊ नये. टायर घासलेला किंवा असमान झिजलेला दिसला तरच बदलावा.

चालताना डोलणे सुरू झालेच तर जोराचा ब्रेक लावू नये. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरून, हँडलवरील पकड मोकळी पण सावध ठेवून, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा.

प्रश्न : मागे मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवला तर गाडी जास्त स्थिर राहील का?
— एक वाचक, चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : नाही. रिम तीच ठेवून रुंद टायर चढवला तर त्याच्या कडा आत ओढल्या जाऊन माथा गोलाकार होतो, गाडी वळणावर वेगळीच झुकते, आणि काही गाड्यांत टायर चेनकव्हर किंवा स्विंगआर्मला घासतो. मूळ मापाचाच चांगला टायर घ्यावा.