इटालियन ड्राय व्हाइटला वास नाही आणि वर कडू लागते? सोआवेच्या गावाजवळून एक लांबलेलं उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जर्मनीत राहून रीसलिंग या तिथल्या व्हाइट वाइनची सवय लागली, मग सुपरमार्केटमधून एक पिनो ग्रीजो आणि एक सोआवे आणली. दोन्हींना वास असा नाहीच, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागतं. यात लोकांना एवढं काय सापडतं? मी इटलीत वेरोनाजवळ राहतो. सोआवे ही इथली रोजच्या जेवणातली वाइन, म्हणून उत्तर जरा लांबणार.

तुम्हाला जे जाणवलं ते खरंच आहे. रीसलिंग, मस्कॅट, गेवुर्झट्रामिनर या द्राक्षांत टर्पीन जातीची सुगंधी द्रव्यं भरपूर असतात, त्यामुळे ग्लास नाकाशी नेल्यावरच निम्मी मजा येऊन जाते. गार्गानेगा (सोआवेचं मुख्य द्राक्ष, किमान ७० टक्के), वेर्दिक्किओ, कोर्तेझे, कार्रिकान्ते ही द्राक्षं नाकाच्या बाबतीत अबोल. त्यांचा सगळा कारभार तोंडात चालतो. त्यात साखरेचाही भाग आहे. युरोपच्या नियमाप्रमाणे पुरेसा आंबटपणा असेल तर लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइनही ड्राय, म्हणजे गोड नसलेलीच, म्हणवते. रीसलिंगवाले ही सवलत बऱ्याचदा वापरतात. तेवढ्याशा गोडीनेही कडवटपणा झाकला जातो. ती नसली की तो उघडा पडतो.

आधी बाटली फ्रीजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवा. घरचा फ्रीज चार-पाच अंशांवर असतो, तितक्या गारठ्यात वास मरतो आणि आंबट-कडू तेवढं उरतं. साध्या वाइनला आठ-दहा अंश ठीक, चांगलीला बारा. रेस्टॉरंटमध्ये बर्फाच्या बादलीत बुडवून आणतात ना, ती मी सरळ बाहेर काढून टेबलावर ठेवायला सांगतो. वेटरला आवडत नाही, चालायचंच.

ग्लास एक तृतीयांशच भरा. पहिला घोट हिशेबात धरू नका, तो फक्त तोंड तयार करतो. दुसरा घोट चार-पाच सेकंद तोंडात फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा, मग गिळा. जबड्याच्या कडांना लाळ किती सुटते त्यावरून आंबटपणा कळतो. जिभेच्या मधोमध वाइनला काही वजन आहे की ती पाण्यासारखी सरकून गेली, हेही बघा. यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते. माझ्या मते इटालियन व्हाइटचा निकाल इथे लागतो. साधी सोआवे तीन-चार सेकंदांत संपते आणि मागे कडू तेवढं ठेवून जाते. चांगली सोआवे ओलसर, किंचित खारट चव धरून बसते, आणि कडवटपणा तिच्यातच मुरलेला असतो. इथे त्याला कडू बदामाची चव म्हणतात आणि ती नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. ती मुख्यतः सालीतल्या फेनॉल नावाच्या कडवट द्रव्यांमधून येते, वाइन बिघडल्याची खूण नाही.

मग तुमची सोआवे पाणचट का निघाली? गार्गानेगाचा वेल भलता जोमदार, मोकळा सोडला तर मण-मण द्राक्षं देतो, आणि जितकी जास्त द्राक्षं तितकी रसात चव कमी. जुने मळे सोआवे आणि मोंतेफोर्ते दाल्पोने या दोन गावांच्या टेकड्यांवर होते. १९६८ साली डीओसी (ठरावीक हद्दीतल्या वाइनलाच ते नाव लावू देणारा सरकारी दर्जा) मिळाली तेव्हा खालची सपाट, सुपीक जमीनही हद्दीत घेतली गेली. मागणी होती, टाक्या भरल्या, नाव गेलं. लेबलवर ‘क्लासिको’ लिहिलेलं असेल तर द्राक्षं त्या जुन्या टेकड्यांवरची, म्हणून दोन-तीन युरो जास्त पडले तरी तीच घ्या.

पिएरोपान या इथल्या वाइन करणाऱ्या घराण्याने १९७१ साली काल्वारिनो या एकाच मळ्याची सोआवे वेगळी बाटलीत भरली. त्या काळी इथे असं कोणी करत नव्हतं. काल्वारिनोची जमीन ज्वालामुखीची काळी, आणि गार्गानेगाबरोबर त्रेब्बियानो दी सोआवे हे द्राक्षही असतं. त्यांचाच दुसरा मळा ला रोक्का, सोआवेच्या किल्ल्याखालच्या चुनखडीच्या उतारावर. ती निव्वळ गार्गानेगाची आणि लाकडात मुरवलेली. खर्च जमत असेल तर दोन्ही एकाच संध्याकाळी शेजारी-शेजारी प्या. पहिली ताठ आणि खारट, दुसरी गोलसर, पिकलेल्या फळाची. एवढ्याने जे कळेल ते मी आणखी चार परिच्छेद लिहूनही सांगता येणार नाही.

त्रेब्बियानो दी सोआवे हे जनुकीय तपासणीत वेर्दिक्किओच निघालंय. म्हणून पुढची बाटली मार्के प्रांतातल्या वेर्दिक्किओची घ्या. तिथल्या येसी गावाकडची समुद्राच्या बाजूची, जरा भरलेली. मातेलिका गावाकडची डोंगराआड बंद दरीतली, रात्री गार, म्हणून जास्त धारदार. मला हीच आवडते. पाच-सहा वर्षांची वेर्दिक्किओ मिळाली तर वास नीट घ्या. या द्राक्षात मिथाईल सॅलिसिलेट सापडतं, म्हणजे आपल्याकडच्या आयोडेक्सच्या डबीतला तो ओळखीचा वास, अगदी पुसट. एकदा ओळखला की ‘वास नाही’ म्हणणं अवघड होतं.

पिनो ग्रीजोबद्दल फार बोलण्यासारखं नाही. द्राक्षाची साल मुळात करडी-गुलाबी. १९६१ मध्ये सांता मार्गेरिता या वाइन कंपनीने रस सालीपासून लगेच वेगळा करून पांढरी वाइन काढली, ती जगभर खपली, आणि मागोमाग हजारो बेचव बाटल्या आल्या. प्यायचीच तर फ्रिउलीची ‘रामातो’ प्या, सालीबरोबर ठेवलेली, तांबूस रंगाची. कोर्तेझे द्राक्षाची ‘गावी’ नावाची वाइनही बरी असते, पण तुम्हाला पुन्हा तीच तक्रार राहील.

रीसलिंगचा धारदारपणा आवडणाऱ्याला मी खरं तर दक्षिणेत पाठवेन. सिसिलीतल्या एत्ना ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर मिलो नावाचं गाव आहे, ‘एत्ना बियांको सुपेरिओरे’ ही वाइन फक्त तिथल्याच द्राक्षांची. कार्रिकान्ते इतकं आंबट की सिसिलीची वाइन आहे यावर विश्वास बसत नाही. आणि नेपल्सजवळच्या अवेल्लिनोच्या डोंगरातली फिआनो ही व्हाइट: तरुणपणी गप्प, चार-पाच वर्षांनी धूर आणि भाजलेल्या हेझलनटची चव. शेजारच्या तूफो गावात पूर्वी गंधकाच्या खाणी होत्या. तिथल्या ग्रेको या व्हाइट वाइनची चव त्या गंधकामुळे, असं विक्रेते रंगवून सांगतात. वेल मुळांतून गंधक ओढून ग्लासात आणत नाही, एवढंच लक्षात ठेवा.

जेवणाशिवाय या वाइन्सना न्याय मिळत नाही. मिठाने कडू दबतं, हे साधं रसायन आहे. रवा लावून तळलेले बोंबील, वर लिंबू, आणि बारा अंशांवरची वेर्दिक्किओ: एड्रियाटिक समुद्राच्या काठावर तळलेल्या माशांबरोबर लोक हेच करतात. झणझणीत कालवणाबरोबर मात्र नको, तिखटाने अल्कोहोल आणि कडवटपणा दोन्ही वर येतात. तिथे तुमची किंचित गोड रीसलिंगच सरस.

उरलेली वाइन बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. चांगली असेल तर बहुधा आदल्या दिवसापेक्षा मोकळी झालेली असते. तुमच्याकडे उरलेली ती सुपरमार्केटवाली सोआवे मात्र रिसोत्तोत घाला, तांदूळ परतून झाल्यावर, स्टॉक (भाज्यांचं किंवा मांसाचं पाणी) ओतायच्या आधी.