काढून बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी मेल वाचली, सोबतचा व्हिडिओही दोनदा पाहिला. ईएसपी३२ या स्वस्त, छोट्या चिपवर चालणारा, हातात धरून खेळायचा हँडहेल्ड, ३२० बाय २४० चा स्क्रीन आणि उजव्या अंगाला टकटक करत फिरणारं ते चाक. चाक फिरवलं की दोर विहिरीत उतरतो, उलटं फिरवलं की बादली वर येते, घाई केली की पाणी सांडतं. मी खूश झालो होतो. मग खाली तुझी यादी आली आणि माझं डोकं फिरलं. मागच्या बाजूला टचपॅड, फुंकर मारायला माईक, हलवायला जायरो आणि वर आणखी एक बोटभर डिस्प्ले. त्याखाली तुझा प्रश्न: ‘सर, आमची चिप कमजोर आहे. मित्रांच्या चिनी हँडहेल्डवर सोनीच्या पीएसपीचे गेम पळतात. एवढी फीचर्स टाकली तर भरपाई होईल ना?’

नाही होणार. भाजीत मीठ नाही म्हणून वरून चार मुठी कोथिंबीर टाकण्यातला प्रकार आहे हा.

माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. ती ऐकवून ऐकवून मी पोरांना वात आणलाय, आता तुझी पाळी. काढून बघ. ज्या फीचरचा तुला अभिमान वाटतो ते बंद कर आणि तोच खेळ पुन्हा खेळ. खेळ मोडला तर फीचर खरं. खेळ आरामात चालू राहिला, तर तू नुसती बॅटरी जाळते आहेस.

तू वीचं उदाहरण दिलंस, रिमोट हवेत हलवून टीव्हीवर खेळायच्या त्या मशीनचं. सगळेच देतात. २००६ साली निन्टेन्डोने वी काढला तेव्हा त्यात ८८ एमबी मेमरी होती, समोरच्या एक्सबॉक्स ३६० आणि पीएस३ कडे ५१२. ते दोघं एचडी दाखवत होते, वी ४८० ओळींवर अडकलेला. तरी वी दहा कोटींच्या वर खपला आणि ते दोघं नऊ कोटींच्या आत राहिले. इथवर तुझं बरोबर आहे. पण यातून तू काढलेला अर्थ, ‘रिमोट नवा होता म्हणून लोकांनी चित्र माफ केलं’, हा अर्धवट आहे. वी स्पोर्ट्समधला टेनिस घे. रिमोटचं हलणं काढून बघ. काय उरतं? पाय नसलेली चार बाहुली आणि एक चेंडू. म्हणजे खेळ त्या हातवाऱ्यातच होता. आजी-आजोबांना सोफ्यावरून उठवणाऱ्या त्या खेळाला जास्त पिक्सेल देऊन काडीचा फरक पडला नसता.

आता त्याच वर्षीचा, त्याच कंपनीचा झेल्डा हा तलवारबाजीचा खेळ बघ, ट्वायलाइट प्रिन्सेस. तो वीच्या आधीच्या गेमक्यूब मशीनसाठी बनत होता, मग वीवरही आला. गेमक्यूबवर बटण दाबून तलवार फिरते, वीवर रिमोट झटकून. नायक डावखुरा आणि खेळणारे बहुतेक उजव्या हाताने झटकणार, म्हणून वीच्या आवृत्तीत अख्खं जग आरशात धरल्यासारखं उलटं केलं, पूर्वेचं पश्चिमेला! एवढा खटाटोप करूनही झटकणं काढलेली आवृत्ती शेजारच्या मशीनवर धडधाकट चालत होती. पुढे वीवर असे शेकडो खेळ आले, जिथे बटणाच्या जागी नुसतं मनगट दुखवायचं. लोक कंटाळले. मोठे स्टुडिओ एचडीसाठी जे बनवत होते ते या मशीनवर उतरेना. नवलाई ओसरली आणि कमजोर चिपचं बिल तेव्हा आलं.

त्यातली कारागिरी मात्र शिकण्यासारखी आहे. रिमोटमधल्या जातीचे सेन्सर गाड्यांच्या एअरबॅगसाठी आधीपासून बनत होते. टीव्हीवर ठेवायच्या त्या ‘सेन्सर बार’मध्ये तर सेन्सरच नाही, दोन टोकांना नुसते इन्फ्रारेड दिवे. कॅमेरा रिमोटच्या नाकात. लोक बारच्या जागी दोन मेणबत्त्या लावून खेळायचे आणि ते चालायचं. स्वस्त, जुनं, पण नेमक्या जागी बसवलेलं.

ही खोड निन्टेन्डोला त्यांच्याच गुनपेई योकोई या डिझायनरने लावली. स्वस्त झालेलं, सगळे खाचखळगे माहीत असलेलं तंत्र घ्यायचं आणि ते भलत्याच कामाला लावायचं, ही त्याची रीत. कॅल्क्युलेटरच्या एलसीडीतून त्याने १९८० साली गेम अँड वॉच हा खिशातला खेळ काढला. १९८९ चा गेम बॉय त्याच्याच हाताखाली झाला: हिरवट स्क्रीन, चार छटा, मागून उजेड नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, रंगीत, उजेडाचा. पुढे सेगाचा गेम गिअरही रंगीत. गेम गिअर सहा सेल खाऊन चारेक तासांत मान टाकायचा. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास जायचा आणि अमेरिकेत लिंक्सच्या निम्म्या किमतीत मिळायचा. त्याच्यासोबत टेट्रिस होता. रंग काढून बघ टेट्रिसमधून. काही बिघडतं? आपल्याकडे गेम बॉय किती घरांत पोहोचला ते सोड, पण जत्रेत आणि स्टेशनबाहेर मिळणारा तो ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम आमच्या पिढीच्या दप्तरात होता. त्यात तर रंग सोड, छटाही नव्हत्या. नुसते काळे चौकोन. तासाच्या तासाला मास्तर जप्त करायचे.

हे नीट वाच, कारण इथेच तुझी गल्लत होते आहे. गेम बॉयने कमजोरीची भरपाई कशानेही केली नाही. कमजोर स्क्रीन घेऊन त्या बदल्यात तास विकत घेतले, किंमत उतरवली. तुझी चिप स्वस्त आहे, ठीक. त्या बदल्यात तू काय घेतलंस? तुझ्या मेलमध्ये बॅटरी किती चालते याचा उल्लेखच नाही. चार फीचर्सवर अडीच पानं आणि बॅटरीवर एक ओळ नाही.

आणि योकोईचं नाव घेतलंच आहे तर हेही ऐक. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय त्याचाच. लाल आणि काळा, एवढेच रंग, डोळे लावून आत बघायचं, थ्रीडीचा भास. दहा लाखही खपले नाहीत. स्वस्त भाग वापरले, आडवा विचार केला, सगळं शास्त्र पाळलं, पण त्यातला टेनिस थ्रीडीशिवायही टेनिसच होता आणि खेळणाऱ्याची मान अवघडायची. रीत कितीही जपली तरी काढून बघायचं राहिलं की असं होतं.

२०११ मध्ये निन्टेन्डो पुन्हा त्याच वाटेने गेला. ३डीएस, चष्म्याशिवाय थ्रीडी. बाजूला एक स्लायडर होता, तो खाली ओढला की थ्रीडी बंद. म्हणजे माझी कसोटी त्यांनी स्वतःच मशीनच्या अंगावर बसवून दिली होती! लोकांनी स्लायडर खाली ओढला आणि निवांत खेळत बसले. सहा महिन्यांच्या आत किंमत २५,००० येनवरून १५,००० वर आणावी लागली, अध्यक्ष इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. दोन वर्षांनी कंपनीने २डीएस काढला, थ्रीडी नसलेला. ३डीएस कुटुंब पुढे साडेसात कोटींवर गेलं ते खेळांच्या जोरावर.

वीच्या पुढच्या मशीनचं, वी यूचं, दुखणं तेच. हातात सव्वासहा इंची स्क्रीनचा गेमपॅड, म्हणजे किमतीतला मोठा घास त्यातच गेला. विक्री १ कोटी ३५ लाख. त्यावरचा मारिओ कार्ट ८ हा शर्यतीचा खेळ नंतर स्विचवर, म्हणजे हातातही आणि टीव्हीवरही खेळायच्या पुढच्या मशीनवर, आणला, दुसरा स्क्रीन वगैरे काहीही नसताना, आणि एकट्या त्या आवृत्तीच्या सहा कोटींच्या वर प्रती गेल्या. दुसरा स्क्रीन काढला, कुणाला पत्ताही लागला नाही. तुझ्या त्या बोटभर डिस्प्लेवर तू काय दाखवणार आहेस? स्कोअर. अगं, स्कोअर!

आता थोडं माझं. २००७-०८ च्या सुमारास आम्ही पुण्यात बटणांच्या फोनसाठी जावा गेम बनवायचो. काही फोनवर अख्खा खेळ ६४ केबीत बसवावा लागायचा. आमचा एक कॅरम होता, छान जमलेला. माझ्या एका मित्राने त्यात कॅमेऱ्यावरून नेम धरायची सोय घातली. फोन डावीकडे सरकवला की स्ट्रायकर सरकतो. त्या काळात, त्या फोनवर, हे करून दाखवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. त्याने रात्री घातल्या होत्या त्यात. पण फोन दर फोटोला ‘परवानगी आहे का?’ विचारायचा, बॅटरी बघता बघता उतरायची आणि चार-सहाच्या कळांनी नेम जास्त चांगला बसायचा. मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, काढून बघू. काढला. कोणालाच उणीव जाणवली नाही. मी ते तसंच, सगळ्यांसमोर, बोलूनही दाखवलं. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा, आणि आता तेवढंही नाही.

खेळ पुढे फारसा चालला नाही, हेही सांगतो. ‘कॅमेरा ठेवला असता तर चालला असता’ म्हणणारे अजून भेटतात. त्यांना मी विचारतो, किती वेळ? दुकानात दाखवताना दहा मिनिटं, हो. घरी गेल्यावर? मला त्या मित्राची आठवण येते, ती वेगळी गोष्ट. कॅमेरा काढणं बरोबर होतं, आजही काढला असता. लोक मला हटवादी म्हणतात. म्हणू देत. हट्ट नसता तर तो कॅरम आणखी लवकर बुडाला असता.

असो. तुझ्या टीममधल्या मुलाने किनेक्टचा, एक्सबॉक्सला जोडायच्या आणि अंगाची हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा, मुद्दा काढला आहे, तो पोकळ नाही. ३६० वरच्या डान्सच्या खेळांतून किनेक्ट काढला तर खेळच राहत नाही, कबूल. पण मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये तोच प्रत्येक एक्सबॉक्स वनच्या गळ्यात बांधला. ज्याला नाचायचं नव्हतं त्याच्याही. त्यामुळे मशीन ४९९ डॉलरला गेलं, सोनीचा पीएस४ ३९९ ला आणि त्याची ग्राफिक्स चिप वरचढ. त्यात ग्राफिक्सचा साधारण दहावा हिस्सा किनेक्टसाठी राखून ठेवलेला. पुढच्या जूनमध्ये किनेक्टशिवायचं मशीन आलं आणि तो हिस्सा खेळ बनवणाऱ्यांना मोकळा मिळाला. म्हणजे आधीच अशक्त गड्याच्या पाठीवर त्यांनी नवलाईचं पोतं दिलं होतं. तुझा जायरो आणि माईक सतत ऐकत-बघत राहणार, ते कुणाच्या वाटणीतलं खाणार? त्या एवढ्याशा चिपच्याच ना?

तू म्हणशील, आणि म्हणावंसच, की स्विच टीव्हीला लावला तरी खेळ चालतोच. मग हातात घेऊन फिरता येणं हेही दिखाऊच का? हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने वर्गात विचारला होता आणि मी त्याच्यावर उखडलो होतो. पण उत्तर आहे. स्विचची चिप २०१५ ची, मशीन २०१७ चं, तरी दीड कोटी नव्हे, पंधरा कोटींच्या वर खपलं. त्यावर विचर ३ हा भारी ग्राफिक्सचा खेळ आणला तेव्हा चित्र चांगलंच धूसर करावं लागलं, तरी लोकांनी घेतला, कारण तो अंथरुणात आणि आगगाडीत खेळता येत होता. इथे काढून बघायचं ते खेळातून नाही, खेळणाऱ्याच्या दिवसातून. आणि निन्टेन्डोने ते करूनही बघितलं: २०१९ च्या स्विच लाइटमधून टीव्हीला जोडणं काढलं, सुटे होणारे जॉय-कॉन, म्हणजे दोन बाजूंचे कंट्रोलर, काढले. दोन कोटींच्या वर गेले तेही. जे काढलं नाही ते खरं होतं.

२०२५ मध्ये स्विच २ आला तेव्हा त्यांनी चिप दणकट केली, हे मात्र विसरू नकोस. कमजोर असण्यात त्यांना कसली हौस नव्हती.

तुझं चाक माझ्या कसोटीला उतरतं. ते काढलं तर विहीर उरत नाही, बटणाने बादली ओढण्यात काय राम? प्लेडेट या छोट्या हँडहेल्डच्या फिरवायच्या हँडलवर जे चांगले खेळ झालेत ते याच जातीचे, आणि तिथेही हँडल विसरून बनवलेले ढीगभर आहेत. तेव्हा मागचा टचपॅड काढ. माईक काढ. जायरोने बादली हिंदकळते म्हणतेस, तर तो बंद करून तुझ्या धाकट्या भावाला खेळायला दे आणि काही न सांगता बघत बस. टचपॅडची जागा सुटेल तिथे मोठी बॅटरी बसते का ते मोज, आणि पूर्ण चार्ज करून घड्याळ लावून किती तास चालतो ते मला कळव. चाकाचे खटके व्हिडिओत सैल वाटले. एन्कोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारा भाग, सैल खटक्यांचा आहे ना? घट्ट खटक्यांचा मिळतो, तो लाव.

शनिवारी दुपारनंतर घरी आहे. तो वरचा डिस्प्ले काढायला हात धजत नसेल तर बोर्ड तसाच घेऊन ये, सोल्डरिंग गन माझ्याकडे आहे.

तुझे,
सर